लोखंडाची बैठक



खंडेनवमी जवळ आली. त्या दिवशी आपण कुऱ्हाड, कोयता, कुदळ, टिकाव, खुरपी सगळी धुऊनपुसून ओळीने मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची फुले ठेवतो. वर्षभर ज्यांनी आपल्यासाठी अंग झिजवले त्यांची एक दिवस पूजा करायची, ही आपली जुनी रीत. या खेपेस पूजा मांडण्यापूर्वी एक काम करा, एवढेच सांगण्यासाठी आजचे सदर आहे. प्रत्येक अवजार हातात घ्या, डाव्या हाताने दांडा घट्ट धरा आणि उजव्या हाताने लोखंड हलवून बघा. जे हलेल ते पूजेच्या ओळीत ठेवू नका. आधी बाजूला काढा.

असे का म्हणतो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी अंगणात बाभळीची फांदी तोडत होतो. कुऱ्हाड थोडी ढिली होती, ते मला ठाऊक होते. आदल्या रात्री मी ती बादलीत पाण्यात बुडवून ठेवली होती आणि सकाळी ती घट्ट लागत होती. दोन तास काम झाले. ऊन चढले. धाकटा मुलगा समोर तोडलेले लाकूड गोळा करीत होता. हात वर गेला, खाली आला, आणि हातात नुसता दांडा राहिला. पाते समोरच्या गोठ्याच्या मेढीत घुसले होते. मुलगा त्या मेढीपासून दोन हातांवर उभा होता आणि पात्याची खूण त्याच्या डोक्याच्या उंचीवर होती. तो हसला, त्याला ती गंमत वाटली. मी मात्र तिथेच खाली बसलो.

ढिल्या अवजाराची गोष्ट अशी आहे की ज्याच्या हातात दांडा असतो त्याला बहुधा काही होत नाही. पाते निसटते ते पुढे किंवा मागे जाते. समोर मोळी बांधणारी बाई, मागे खेळणारे पोर, शेजारी ऊस तोडणारा गडी यांना ते लागते. म्हणून दांडा बसवणे हे केवळ आपल्या सोयीचे काम नाही, आपल्या आसपासच्या माणसांच्या जिवाचे काम आहे.

पाण्यातली कुऱ्हाड

आपल्याकडे घरोघर हाच उपाय आहे. दांडा हलू लागला की अवजार रात्रभर पाण्यात ठेवायचे. सकाळी लाकूड फुगते आणि लोखंड घट्ट बसते. काम निभावते. पण असे दोन-तीनदा केलेत की अवजार पूर्वीपेक्षा जास्त ढिले होते, हा अनुभव तुम्हालाही असेल. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे.

लाकूड पाणी प्याले की फुगते आणि वाळले की आटते. लांबीला ते जवळजवळ आटत नाही, पण जाडीला चांगलेच आटते. हिरव्या लाकडाची फळी पूर्ण वाळेपर्यंत रुंदीला शंभरात चार ते दहा भागांपर्यंत कमी होऊ शकते. लोखंडाचे भोक मात्र पाण्याने वाढत नाही की उन्हाने आटत नाही. आता लाकूड त्या भोकात फुगू लागले, पण चारही बाजूंनी लोखंडाने वाट अडवली, तर ते जाणार कुठे? त्याच्या कडेच्या शिरा आतल्या आत चेपतात, चुरडतात. पुन्हा वाळल्यावर त्या चेपलेल्या शिरा पूर्ववत होत नाहीत. दांडा आधी होता त्याहून बारीक होतो. म्हणजे पाण्यात ठेवलेली कुऱ्हाड हे सावकाराचे कर्ज आहे. आज गरज भागते, उद्या व्याजासकट फेडावे लागते.

पाचरीच्या जागी दोन-चार खिळे ठोकणे, भोकात पत्र्याचा तुकडा किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी सारणे हे उपायही त्याच जातीचे. खिळ्याने लाकूड फाटते. पत्रा एका जागी दाबतो आणि बाकीच्या जागी पोकळी राहते. खरी गरज असते ती लोखंड जिथे लाकडाला टेकायला हवे तिथे सगळीकडे सारखे टेकण्याची. यालाच मी बैठक म्हणतो. बैठक नीट असेल तर थोडकी पाचरही पुरते. बैठक नसेल तर पोतेभर खिळे कामाचे नाहीत.

गाडीच्या चाकाने काय शिकवले

आपल्या बारामती-इंदापूर भागातील जुन्या मंडळींना लाकडी चाकाला धाव चढवण्याचे काम आठवत असेल. आता कारखान्याला ऊस जातो तो टायरगाडीने नाहीतर ट्रॅक्टरने. त्यामुळे हे काम नव्या पोरांनी पाहिलेले नसते. लोहार लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहानच करीत असे. मग ती गोवऱ्यांच्या विस्तवात लाल होईपर्यंत तापवायची. चौदा फूट घेराची धाव अशी तापली की सुमारे एक इंच वाढते. तेवढ्यात ती चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी मारायचे. लोखंड आवळत जाई तसे चाकाचे सगळे सांधे करकर वाजत आत दाबले जात.

यातली खुबी अशी की सुताराने चाकाचे लाकूड आधी पक्के वाळवलेले असे आणि त्या वाळलेल्या लाकडावर लोखंड आवळले जाई. ओल्या लाकडावर धाव चढवली असती तर पहिल्याच उन्हाळ्यात ती गळून पडली असती. उन्हाळ्यात चाक खुळखुळू लागले की लोक गाडी ओढ्यात उभी करीत, पण तीही बादलीतल्या कुऱ्हाडीसारखी तात्पुरती सोय. शेवटी लोहाराकडे नेऊन धाव कापून पुन्हा चढवावीच लागे.

आपल्या दांड्यालाही हाच नियम लावा. लाकूड वाळलेले असताना, कोरड्या दिवसांत दांडा बसवा. आश्विनात हवेत पावसाळ्याचा ओलावा असतो, लाकूड थोडे फुगलेले असते. आज घट्ट लागणारे अवजार चैत्रात हलू शकते. म्हणून खंडेनवमीला जे हलते ते तर पक्के बिघडलेले समजा, आणि जे हलत नाही ते पाडव्याला पुन्हा तपासा. नवे दांडे बसवायला चैत्र-वैशाख उत्तम.

लाकूड कोणते घ्यावे

आपल्या भागात बाभळीसारखे दुसरे लाकूड नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून वाहते आहे, त्याच्या कडेने, ओढ्यांच्या काठांनी आणि जिरायत भागातल्या बांधांवर बाभूळ आहेच. जड, चिवट आणि दणका सोसणारी. नांगर, पाभर, चाके, मुसळ सगळे पूर्वी तिचेच होत असे. वेडी बाभूळही कठीण असते आणि वाळताना फार आटत नाही, पण तिचा सरळ तुकडा मिळणे मुश्कील.

झाड पाडण्याची गरज नाही. स्वतःच्या बांधावरची मांडीएवढी जाड फांदी पुरे. ती सरळ वर गेलेली असावी. आडव्या वाढलेल्या फांदीचे लाकूड वाळताना वाकते. फांदी मार्गशीर्ष-पौषात तोडा. करवतीने चिरण्यापेक्षा पाचरा ठोकून उभी फाडा. फाडलेले लाकूड आपल्या शिरांच्या वाटेने फाटते, त्यामुळे दांड्यात शीर टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. करवत शीर बघत नाही. तिरकी शीर असलेला दांडा दिसायला देखणा असला तरी एक दिवस मधेच मोडतो. बाहेरचे पांढरे लाकूड तासून टाका, त्याला किडा लवकर लागतो. आतला तांबूस गाभा घ्या. गाठ नको.

फाडलेल्या तुकड्यांच्या दोन्ही टोकांना डांबर किंवा शेण लिंपा, म्हणजे टोके भराभर वाळून तडकणार नाहीत. मग ते सावलीत, माळ्यावर, वारा लागेल असे रचून ठेवा. उन्हात टाकू नका. एक उन्हाळा तरी त्याने पुरा खाल्ला पाहिजे, दोन खाल्ले तर फारच चांगले. वाळले की नाही हे ओळखण्याची सोपी रीत अशी: तुकडा महिन्याच्या महिन्याला काट्यावर तोलावा आणि वजन खडूने त्यावरच लिहून ठेवावे. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले.

शहाणे घर दरवर्षी दोन-तीन तुकडे माळ्यावर टाकून ठेवते. म्हणजे ऐन हंगामात दांडा मोडला तर ओली फांदी तोडून बसवण्याची वेळ येत नाही.

जुना दांडा काढताना

भोकात अडकलेला तुकडा काढण्यासाठी कुऱ्हाड चुलीत घालू नका. ही सवय फार जणांना आहे. लोहाराने पात्याला पाणी देऊन जी धार टणक केलेली असते ती विस्तवात मऊ पडते. पाते निळसर दिसू लागले की समजा पाणी उतरले. मग कितीही कानस मारा, धार टिकत नाही. त्याऐवजी दांडा पात्यालगत करवतीने कापा, आतल्या लाकडात गिरमिटाने तीन-चार भोके पाडा आणि लोखंडी पहारेच्या टोकाने तुकडा ठोकून बाहेर काढा. भोकातला गंज कानशीने साफ करा. भोकाच्या कडा धारदार असतील तर त्याही किंचित गोल करा, नाहीतर त्या कडा दांड्याला करवतीसारख्या कापतात.

काजळीची खूण

आता मुख्य काम. दांड्याचे टोक भोकापेक्षा थोडे जाड ठेवून तासा. उभ्या शिरांचे पदर टोकावर दिसतात, ते पात्याच्या धारेच्या दिशेने जायला हवेत. धारेला आडवे गेले तर दांडा लवकर मोडतो.

दिव्याची काजळी गोडेतेलाच्या दोन थेंबांत कालवा आणि ती भोकाच्या आतून बोटाने पातळ लावा. दांडा आत जाईल तेवढा दाबा आणि परत काढा. लाकडावर जिथे काळे उमटले तिथे लोखंड टेकते. जिथे काळे नाही तिथे पोकळी आहे. फक्त काळे झालेले तेवढेच कानशीने घासा. कोऱ्या जागेला हात लावू नका. पुन्हा काजळी, पुन्हा दाबा, पुन्हा काढा. पहिल्या वेळी दोनच ठिकाणी काळे दिसेल. आठ-दहा वेळा केल्यावर काळा रंग सगळीकडे सारखा उमटू लागेल आणि दांडा बोट-बोट पुढे सरकेल. इथे घाई करणारा हरतो. एकदा जास्त घासले की लाकूड परत येत नाही.

या कामाला पहिल्या खेपेस दोन तास लागतात. घरातल्या पोराला शेजारी बसवा. काळे कुठे उमटले हे त्याला ओळखायला सांगा. त्याची नजर आपल्यापेक्षा चांगली असते, आणि त्याच्या हाती एक विद्या लागते.

दांडा भोकातून बोटभर वर निघेल इतका आत जायला हवा. शेवटी बसवताना पात्यावर हातोडा मारू नका. कुऱ्हाड पाते खाली करून हवेत उभी धरा आणि दांड्याच्या वरच्या मोकळ्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका. पाते जड असते, ते जागीच राहू पाहते आणि दांडा त्यात आपोआप उतरत जातो. दर ठोक्याला आवाज ऐका. आधी बद आवाज येतो. पुरते बसले की आवाज खणखणीत होतो.

पाचर

पाचरीसाठी टोकाला जी चीर पाडायची ती दांडा बसवण्याआधीच करवतीने पाडून ठेवा. भोकाच्या लांब बाजूच्या दिशेने आणि भोकाच्या खोलीच्या दोन तृतीयांश. पाचर वाळलेल्या बाभळीचीच, लांब आणि हळूहळू निमुळती करा. आखूड जाड पाचर उडून बाहेर येते. ठोकताना ती थांबली की आपणही थांबावे, पुढचा एक घाव दांडा फाडतो. नंतर लोहाराकडून लहानशी लोखंडी पाचर करून आणून ती तिरकी ठोकली तर लाकडी पाचर मागे सरत नाही. वर निघालेले टोक सपाट कापू नका. बोटभर राहू द्या, म्हणजे ते भोकाच्या बाहेर थोडे पसरून पात्याला अडवून धरते.

टिकाव, कुदळ आणि फावडे यांची तऱ्हा वेगळी. त्यांचा दांडा वरच्या टोकाला जाड आणि हाताकडे बारीक असतो, आणि लोखंड हाताच्या बाजूने ओवून वर नेतात. इथे पाचर लागतच नाही. जसे जसे वापरावे तसे लोखंड जाड टोकावर अधिकच रुतते. अट एकच, दांड्याची जाडी भोकाच्या उतारासारखीच हळूहळू वाढली पाहिजे. इथेही काजळी लावून बघा. दांड्यात खिळा ठोकून लोखंड अडवलेला टिकाव दिसला तर समजा की बसवणाऱ्याने बैठक केलेलीच नाही.

बसवून झाले की दांड्याच्या उघड्या टोकाला जवसाचे तेल तीन-चार दिवस रोज पाजा. तेलाने लाकूड पाण्यासारखे फुगत-आटत नाही आणि ओलावा आत शिरायला उशीर लागतो. मात्र तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो. फडके मोकळे पसरून वाळवा किंवा मातीत पुरा.

खुरपे आणि कोयता

घरातले सर्वांत जास्त वापरले जाणारे अवजार खुरपे, आणि त्याच्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी. कुऱ्हाड महिन्यातून चार वेळा निघते, खुरपे मात्र घरच्या बायकांच्या हातात सकाळपासून संध्याकाळपर्यंत असते. मूठ हलत असली तर प्रत्येक वेळी बोटे आवळून धरावी लागते. हाताला फोड येतात, मनगट दुखते, आणि बाई बोलत नाही. घरच्या पुरुषांनी आजच विचारावे.

खुरप्याचे किंवा कोयत्याचे शेपूट लाकडी मुठीत जाते. मुठीला शेपटाहून बारीक भोक पाडा. पाते ओल्या फडक्यात गुंडाळा, म्हणजे त्याचे पाणी उतरणार नाही. शेपटाचे टोक मंद लाल करून भोकात दाबा. ते आपली वाट जाळून घेते. लगेच काढा, जळलेला कोळसा खरवडून टाका, आणि थंड झाल्यावर ठोकून बसवा. मुठीच्या तोंडाला लोखंडी किंवा पितळी कडे हवेच, नाहीतर मूठ फाटते. उरलेली फट भरायला पूर्वी लाख आणि राळ वितळवून ओतत. आपल्याकडच्या तलवारीही अशाच होत. पात्याचे शेपूट मुठीत लाखेच्या मिश्रणाने पक्के करीत आणि पाते बदलायचे झाले की मूठ तापवून सोडवीत. आता दोन ट्यूबा मिसळून लावायचा एपॉक्सी मिळतो, तो इथे चांगला. लोखंड घासून स्वच्छ आणि कोरडे करून लावावे आणि पूर्ण एक दिवस हात लावू नये. पण कुऱ्हाडीच्या भोकात तो ओतून वेळ मारून नेऊ नका. लाकूड आटले की तो लाकडाबरोबर आटत नाही.

उसाचा हंगाम तोंडावर आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर आणि इंदापूरकडच्या कारखान्यांवर बीड-नगरकडची तोडणीची माणसे येतील. त्यांच्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. अवजाराच्या नावाने माणसे मोजली जातात, इतके ते अवजार त्यांच्या पोटाशी बांधलेले आहे. आपल्या फडात येतील त्यांच्या कोयत्याची मूठ हलत असेल तर माळ्यावरचा एक वाळका तुकडा त्यांना द्या. आपले काही जात नाही.

आणि बंदूक

पीक राखणीच्या बंदुकीचा दस्ता हलतो, तो घरी बसवता येईल का, असे कुणी ना कुणी विचारतो. त्याचेही उत्तर याच नियमात आहे, म्हणून इथेच देतो.

बंदुकीतही लोखंड लाकडात बसलेले असते. बार उडाला की छरे पुढे जातात आणि बंदूक मागे लाथ मारते. ती सगळी लाथ लोखंडाचा मागचा भाग लाकडाच्या तोंडावर देतो. लोखंड सगळीकडे सारखे टेकले असेल तर लाकूड ती लाथ सहज सोसते. मधे पोकळी असेल तर सगळा दणका एखाद्या टोकावर बसतो आणि दस्ता त्याच्या बारीक मानेपाशी उभा तडकतो. बंदुकीचा कारागीर दस्ता बसवताना लोखंडाला काळा रंग लावून आपल्यासारखीच काळी खूण बघतो आणि तेवढेच खरवडतो. परदेशात एपॉक्सीत काचतंतू मिसळून ही बैठक ओततात.

नेमबाजीत तर या बैठकीवर निकाल ठरतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणले. त्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे काबुली हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्याएवढे असते. लाकडी दस्ता पावसाळी हवेत फुगला की लोखंडावर दाब बदलतो आणि नेम सरकतो. म्हणून अशा स्पर्धांत आता बहुतेक नेमबाज अ‍ॅल्युमिनियमचे दस्ते वापरतात.

पण आपली गोष्ट निराळी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवता, विकता, तिच्यात बदल करता किंवा ती दुरुस्त करता येत नाही. तेव्हा हलणारा दस्ता घरी उघडू नका. परवाना बरोबर घेऊन परवानाधारक कारागिराकडेच न्या. आपण फक्त बघावे. बंदूक उघडून रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. मानेपाशी केसाएवढी चीर आहे का, सांध्याजवळ लाकूड तेल पिऊन काळे व मऊ पडले आहे का, स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होतात का, हे पाहा. यातले एक जरी दिसले तरी तिच्यातून बार काढू नका. स्क्रू जोराने आवळून वेळ मारू नका, त्यानेच दस्ता फाटतो. तेल दिल्यावर बंदूक दस्ता खाली करून उभी ठेवली की तेल ओघळून लाकडात मुरते, म्हणून काही वेळ नळी खाली करून ठेवा. मग कुलपात, पोरांच्या हाताबाहेर.

पीक राखणीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हेही जाता जाता सांगतो. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकारा हरणांसाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने चिंकाऱ्याला पूर्ण संरक्षण आहे. रानडुकराने पीक उद्ध्वस्त केले तरी त्याच्यावर बंदूक चालवण्याआधी वन खात्याची परवानगी लागते.

तर मंडळी, यंदा खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी घरातली सगळी अवजारे अंगणात काढा. घरच्या सगळ्यांनी मिळून एकेक हलवून बघा. ढिली निघतील ती वेगळी ठेवा, त्यांना पाण्याची बादली दाखवू नका. हाताशी वाळके लाकूड असेल तर कोरड्या दिवसांत दांडा घाला, नसेल तर सुताराकडे द्या. सुतार चार पैसे मागेल, ते द्यावेत.

माझ्या गोठ्याच्या मेढीवरची ती खूण अजून आहे. मुलगा आता माझ्यापेक्षा उंच झाला. ती खूण त्याच्या छातीशी येते. कुऱ्हाडीला दांडा आता तोच घालतो, आणि काजळी लावल्याशिवाय घालत नाही.